बुलबार कोणासाठी?

इथे ऑस्ट्रेलियात, ॲडलेडमधल्या आमच्या एका मित्राने नुकतीच एक जुनी फोर व्हील ड्राइव्ह घेतली. जुलैच्या सुट्टीत मुलांना घेऊन वाळवंटातल्या कूबर पीडी या गावाला जायचे त्याच्या मनात आहे आणि त्यासाठी गाडीच्या पुढे पोलादी बुलबार, म्हणजे जनावराची धडक झेलणारी चौकट, बसवून घ्यावा का, असे त्याने मला विचारले. बसवणावळीसह खर्च दोन-तीन हजार डॉलरच्या घरात जातो. मी त्याला फोनवर "नको" एवढेच सांगितले. पण अशा प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणे बरोबर नाही. या देशात नव्याने आलेली आणखीही मराठी कुटुंबे याच विचारात असतात, म्हणून माझे म्हणणे सविस्तर लिहीत आहे.

चार वर्षांपूर्वी आम्ही याच रस्त्याने निघालो होतो. सकाळी घरातून निघायला उशीर झाला, पोर्ट ऑगस्टाला जेवणात वेळ गेला, आणि ग्लेनडॅम्बोचे रोडहाऊस (महामार्गावरचा पेट्रोलपंप आणि थांबा) चाळीसेक किलोमीटरवर असताना दिवस मावळला. मी वेग सत्तरवर आणला होता. डावीकडून एक कांगारू उडी मारून रस्ता ओलांडून गेला, आणि तो गेला म्हणून मी सुटकेचा श्वास सोडतो तोच त्याच्या मागून दुसरा आला. ग्रिल फुटली, बोनेट मधोमध दुमडले आणि रेडिएटर मागे दबून पंख्याला टेकला. आम्हा चौघांपैकी कोणालाही खरचटलेसुद्धा नाही. मात्र खाली हिरवे कूलंट गार डांबरावर ठिबकत होते, त्याची वाफ दिव्यांच्या उजेडात वर येत होती आणि फोनला रेंज नव्हती.

बऱ्याच वेळाने एक रोड ट्रेन, म्हणजे अनेक ट्रेलर ओढणारा लांबलचक ट्रक, आली आणि आमच्यापुढे बरीच लांब जाऊन थांबली. चालक उतरून चालत आला, मुले ठीक आहेत ना एवढे त्याने विचारले आणि विजेरी घेऊन तो आधी त्या कांगारूकडे गेला. मादी होती. त्याने पोटाची पिशवी उघडून आत पिल्लू आहे का ते पाहिले; नव्हते. मग शेपटीला धरून त्याने ते धूड डांबरापासून चांगले लांब ओढून नेले. सकाळी गरुड मांस खायला उतरतात आणि पोट भरलेल्या गरुडाला गाडी येताना चटकन उडता येत नाही, म्हणून मेलेले जनावर रस्त्यावर ठेवायचे नसते, हे त्याने मला समजावून सांगितले. नंतर त्याने आपल्या रेडिओवरून आमच्यासाठी मदतीचा निरोप दिला.

त्या दिवशी बुलबार असता तर आम्ही बहुधा स्वतःच्या गाडीने ग्लेनडॅम्बोला पोहोचलो असतो, हे मी मान्य करतो. बुलबारचे खरे काम तेच आहे. ग्रिलच्या मागे लगेच एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर असतात; त्यांना भोक पडले की इंजिन काही मिनिटांत तापते आणि गाडी जागेवर उभी राहते. ग्लेनडॅम्बोच्या पुढे कूबर पीडीपर्यंत सुमारे २५० किलोमीटर पेट्रोलसुद्धा मिळत नाही, तेव्हा तिथे रेडिएटर शाबूत राहणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

परंतु आपल्यापैकी बहुतेकांना बुलबार हवा असतो तो आतल्या माणसांसाठी, आणि तिथे त्याचा भरवसा धरता येत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात या महामार्गाची वेगमर्यादा ११० आहे. त्या वेगाने गाडी सेकंदाला तीस मीटर जाते. जनावर दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच पंचेचाळीस मीटर संपतात, आणि कोरड्या रस्त्यावरही पूर्ण थांबायला एकूण शंभराहून अधिक मीटर लागतात. ताशी ८० ला हेच अंतर सत्तरच्या आसपास येते आणि धडकेचा जोर जवळजवळ निम्मा होतो. हा फरक कोणत्याही पोलादाने भरून निघत नाही. शिवाय या भागात मैलोन्‌मैल कुंपण नसलेली गुरांची कुरणे आहेत आणि रानटी उंटही आहेत. उंच जनावराचे पाय बुलबारला लागतात आणि धड बोनेटवरून थेट काचेवर येते. गाडी उलटण्याचा धोका तर जनावराला चुकवायला स्टीअरिंग झटकन फिरवण्यात असतो. सरळ राहून ब्रेक दाबणे हाच उपाय, आणि बुलबार असो वा नसो, तो अंगवळणी पाडावाच लागतो.

वजनाचाही विचार करावा. पोलादी बुलबारचे पन्नास-साठ किलो गाडीच्या अगदी नाकावर येतात, पुढचे सस्पेन्शन दबते आणि अनेकदा स्प्रिंगही बदलावे लागतात. वर्षातले पन्नास आठवडे हीच गाडी शाळेसमोरून जाणार असते. ताठ पोलाद पायी चालणाऱ्याला, विशेषतः लहान मुलाला, साध्या बंपरपेक्षा जास्त इजा करते. भारतात डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशा गार्डवर कारवाई करण्यास राज्यांना सांगितले, त्यामागे पादचाऱ्यांच्या आणि गाडीतल्या माणसांच्याही सुरक्षेचा विचार होता. बाजारातला कोणताही बार चासीला जोडला की धक्का शोषून घेणाऱ्या भागाचे आणि एअरबॅगच्या सेन्सरचे गणित बिघडू शकते. म्हणून इथेही बसवायचाच असेल, तर आपल्या मॉडेलसाठी आणि एअरबॅगसह तपासलेलाच घ्यावा. विदर्भातल्या नातेवाइकांना रोह्यांसाठी, म्हणजे नीलगायींसाठी, असा गार्ड हवासा वाटतो, तो मोह मला समजतो. पण दोनशे किलोंचा उंच रोही पाइपच्या चौकटीने अडेल असे मला वाटत नाही.

ज्यांना वेळ निवडता येत नाही, त्यांची गोष्ट वेगळी. कुरणांवर राहणारी कुटुंबे, रात्री बोलावणे आले की निघणाऱ्या परिचारिका, माल पोहोचवणारे ट्रकचालक यांना तिन्हीसांजेला आणि पहाटे, म्हणजे कांगारू चरायला बाहेर पडतात नेमक्या त्या वेळी, रस्त्यावर असावेच लागते. त्यांच्या गाडीला बुलबार हवाच, आणि त्यावर कोणी शहरात बसून नाक मुरडू नये. माझ्या मित्राला मात्र वेळ निवडता येते. जुलैत तिकडे सूर्य साडेपाच-सहाच्या सुमारास मावळतो. पहिल्या दिवशी ३१० किलोमीटर जाऊन पोर्ट ऑगस्टाला मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी उन्हे चांगली वर आल्यावर, आठ-साडेआठला निघावे आणि ग्लेनडॅम्बोला टाकी भरून घ्यावी. सुमारे ५४० किलोमीटरचा तो टप्पा मुलांच्या थांब्यांसह साडेतीन-चारपर्यंत पुरा होतो. बुलबारचे पैसे उरतील, त्यातून चांगले टायर घ्यावेत, सॅटेलाइट फोन भाड्याने घ्यावा आणि वीस लिटर पाणी बरोबर ठेवावे. निघण्याच्या सकाळी उशीर झालाच, तर पोर्ट ऑगस्टालाच आणखी एक रात्र राहावे.