चौथ्या ट्रम्पेटची मोजदाद

महाविद्यालयात हजेरी कमी पडू लागली, की सभ्य विद्यार्थ्यापुढे दोनच मार्ग उरतात: वैद्यकीय दाखला मिळवणे किंवा एखाद्या सांस्कृतिक मंडळात नाव घालून तालमींच्या तासांची सवलत पदरात पाडून घेणे. आमचे घरचे डॉक्टर वडिलांचे शाळासोबती असल्यामुळे पहिला मार्ग मला बंद होता. दुसऱ्या मार्गावर सर्वांत मोठी गर्दी नाट्यमंडळाच्या दारात होती आणि ते साहजिकच होते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत नाटक केले तेव्हापासून या गावात प्रत्येकाला आपण नट आहोत असे वाटत आले आहे. आमच्या नाट्यमंडळात पडदा ओढण्यासाठीसुद्धा प्रतीक्षा यादी होती. लोकनृत्याला लागणारी कंबर माझ्यापाशी नव्हती. राहता राहिले ते नुकतेच स्थापन झालेले जॅझ बिग बँड मंडळ. मला पेटी वाजवता येते हे ऐकताच मंडळाच्या अध्यक्षांनी मला चहा पाजला आणि न मागता वर क्रीमरोलही दिला, तेव्हाच मंडळाची परिस्थिती माझ्या लक्षात आली.

मंडळाचे मार्गदर्शक म्हणजे द्रवगतिशास्त्र शिकवणारे आमचे सर. त्यांचे बालपण मिरजेच्या रेल्वे वसाहतीत गेले होते. रात्री वसाहत झोपली, की ते रेडिओ कानाशी धरून ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वरचा विलिस कोनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रम ऐकत असत. १९५५ साली सुरू झालेल्या त्या कार्यक्रमाने जगभरात अनेकांची झोप उडवली. त्यांपैकी एक जण मिरजेत होता. मिरज हे सतारी-तंबोऱ्यांचे आणि अब्दुल करीम खाँसाहेबांचे गाव. तिथल्या मुलाने किराणा घराणे सोडून काउंट बेसी या अमेरिकी जॅझ बँडनायकाच्या नादी लागावे, याचे वडिलांना शेवटपर्यंत वाईट वाटत राहिले, असे सर मोठ्या अभिमानाने सांगत. सरांच्या हिशेबाप्रमाणे बिग बँडला १७ माणसे लागतात: पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन आणि लय सांभाळायला पियानो, गिटार, बास व ड्रम. नावनोंदणी संपली तेव्हा आमच्याकडे गिटार वाजवणारे अकरा जण होते आणि यादीतले बाकी काही वाजवणारे कोणीही नव्हते. चिठ्ठ्या टाकून त्यांतला एक गिटारवर ठेवण्यात आला आणि उरलेल्या दहा जणांना, तुम्ही आता पितळेचे झालात, असे समजावून सांगण्यात आले.

वाद्यांची अडचण पंचांगाने सोडवली. आमच्या भागात पितळी वाद्यांचा खरा साठा लग्नाच्या बँडवाल्यांकडे असतो आणि आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्तच नसल्यामुळे तो खुंट्यांवर टांगलेला असतो. गणपती आणि नवरात्राच्या मिरवणुकांना वाद्ये परत आणून द्यायची, भाडे आगाऊ मोजायचे आणि प्रत्येक वेळी पितळ ब्रासोने घासून चकचकीत करून द्यायचे, या अटींवर एका बँडमास्तरांनी आपला चातुर्मास आम्हाला भाड्याने दिला. ट्रम्पेट चार निघाले. सॅक्सोफोन तीनच होते, म्हणून दोन जागी क्लॅरिनेट बसवली. ट्रॉम्बोन एकुलता एक असून त्याची सरकती नळी मध्येच अडत असे. ती सोडवण्यासाठी वाजवणाऱ्याने जोर लावला, की पुढच्या खुर्चीवरच्या सॅक्सोफोनवाल्याच्या मानेत ती बसे. उरलेल्या तीन ट्रॉम्बोनांचे काम युफोनियम या जाड आवाजाच्या पितळी वाद्यांवर सोपवण्यात आले.

माझ्या वाट्याला चौथा ट्रम्पेट आला. पहिल्या ट्रम्पेटकडे उंच, झगझगीत स्वर असतात आणि त्याच्याकडे सगळे पाहतात. चौथ्याकडे स्वरसंगतीचा तळ असतो आणि त्याच्याकडे कोणीही पाहत नाही. पंगतीत मीठ वाढणाऱ्या मुलासारखी त्याची अवस्था असते: तो येऊन गेल्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही, पण तो आला नाही तर पहिल्याच घासाला बोंब उठते.

भजनी मंडळात पेटी वाजवून वाढलेल्या माणसाला ट्रम्पेट हे वाद्य मुळातच अप्रामाणिक वाटते. पेटीवर एक पट्टी दाबली की एक स्वर येतो आणि तो उद्याही तोच येतो. ट्रम्पेटला कळा तीनच असतात आणि त्यांपैकी एकही न दाबता त्यातून खालचा सा, प, वरचा सा, त्याच्या वरचा ग आणि वरचा प, यांपैकी काहीही निघू शकते. काय निघावे हे वाजवणाऱ्याच्या ओठांनी ठरवायचे असते. माझे ओठ कोणतेही ठाम मत द्यायला तयार नव्हते. त्यात आणखी एक गंमत अशी, की कागदावर पांढरी एक लिहिलेली असते तेव्हा ट्रम्पेटमधून काळी पाच ऐकू येते आणि त्याच वेळी शेजारच्या अल्टो सॅक्सोफोनमधून काळी दोन. या गोंधळात सर्वांचा सूर जुळावा म्हणून प्रत्येकाचा कागद वेगळ्या पट्टीत लिहितात. हे मी घरी आजोबांना समजावून सांगितले, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, “मग सगळ्यांनी एकाच पट्टीतली वाद्यं का नाही रे घेतली?” हा प्रश्न मी सरांपुढे ठेवला. सरांनी अडोल्फ साक्स या बेल्जियन गृहस्थाने १८४६ साली सॅक्सोफोनचे पेटंट घेतल्यापासूनचा इतिहास सांगितला. आजोबांचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे.

घरी सराव करणे हे प्रकरण सर्वांत अवघड होते, कारण आमचे घर गावभागात आहे आणि गावभागात एका घरात फोडणी पडली की चार घरांत ठसका लागतो. चौथ्या ट्रम्पेटचा कागद एकट्याने वाजवला, तर त्यात गाणे असे सापडतच नाही. दोनदा ‘पां पां’ करायचे, मग आठ बार (एक बार म्हणजे चार मात्रा) गप्प बसायचे, एकदा ‘पां’ करायचे आणि पुन्हा बारा बार गप्प. समोरच्या काकूंनी पहिले काही दिवस सोसले आणि मग गॅलरीतून विचारले, “कुणाचं लगीन निघालंय का रं?” कोणाचेही नाही, असे कळल्यावर त्या म्हणाल्या, “मग सलग वाजीव की बाबा. मधी थांबलास की जीव टांगणीला लागतो.” त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. त्या शांत बारांमध्ये मी तोंडातल्या तोंडात ‘एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार’ असे मोजत असे, आणि हे दारातून पाहणाऱ्या आईने एकदा माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला होता.

आमच्या तालमी यंत्र विभागाच्या पत्र्याच्या शेडमध्ये होत. ड्रमवर बसलेला मुलगा तासगावकडचा, ढोलकीत मुरलेला होता. सरांनी त्याला स्विंग, म्हणजे जॅझची झुलती लय, समजावून देण्यासाठी फळ्यावर एका मात्रेचे तीन भाग पाडले, पहिला आणि तिसरा वाजवायचा, दुसरा सोडायचा, असे सांगून ते समीकरणाकडे वळणार तोच तो म्हणाला, “म्हणजे मधला गिळायचा,” आणि त्याने झांजेवर ते वाजवूनही दाखवले. आम्हा बाकीच्यांना त्यासाठी श्रावण आणि भाद्रपद खर्ची घालावे लागले. पुढे त्यानेच शोध लावला, की आपण ब्लूज नावाच्या ज्या बारा बारांच्या जॅझ रचनेत फेऱ्या मारत असतो तिच्या एकूण मात्रा ४८ भरतात, म्हणजे त्रितालाची बरोबर तीन आवर्तने होतात. गणित बिनचूक होते, पण परिणाम वाईट झाला, कारण त्या दिवसापासून तो प्रत्येक फेरीच्या शेवटी तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा, घेऊन समेवर येऊ लागला. न्यूयॉर्कमध्ये असे करत नाहीत, असे सर कळवळून सांगत. त्यावर तो नम्रपणे म्हणे, “त्यांना सुचलं नसेल, सर.”

माझ्या बाबतीत खरे कौशल्य वाजवण्याचे नसून गप्प बसण्याचे होते. टेनर सॅक्सोफोनचा एकल भाग सुरू झाला, की आम्हा ट्रम्पेटवाल्यांना २४ बार काम नसे, आणि पंचविसाव्या बारावर चौघांनी एकदम तोंड उघडायचे असे. पहिला ट्रम्पेट मोजत नसे, कारण दुसरा मोजतो अशी त्याची श्रद्धा होती. दुसऱ्याची तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची माझ्यावर. तिसऱ्या ट्रम्पेटचे घर नदीकाठच्या सखल भागात होते. २०१९ च्या महापुरानंतर अशा घरांतली माणसे पावसाळ्यात देवाच्या नावाआधी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी पाहतात. एका मुसळधार संध्याकाळी मी एकोणिसाव्या बारापर्यंत पोचलो असताना त्याने मोबाइलकडे पाहत हळूच म्हटले, “अडतीस.” माझ्या डोक्यात आपोआप एकोणचाळीस, चाळीस सुरू झाले. आपली पाळी केव्हाच होऊन गेली, या कल्पनेने माझी गाळण उडाली आणि मी सर्व बळ एकवटून ट्रम्पेट फुंकला. बाकीचे तिघे माझ्या भरवशावर बसलेले असल्यामुळे तेही फुंकले. टेनरवाला दचकून थांबला, ड्रमरने प्रसंग ओळखून तिहाई घेतली आणि शेडमध्ये शांतता पसरली.

सरांनी विचारले, “कुणी मोजलं हे?”

मी म्हणालो, “सर, हा अडतीस म्हणाला.”

सरांचा चेहरा बदलला. “अडतीस? आयर्विनला?” आणि मग त्यांच्यातला द्रवगतिशास्त्रज्ञ जागा झाला. इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५ फूट, कोयनेतून विसर्ग किती, वारणा किती भरली, असे आकडे त्यांनी त्याच फळ्यावर स्विंगच्या मात्रांशेजारी मांडले, उद्या दुपारपर्यंतचा अंदाज काढला आणि तालीम थांबवली. बँडमास्तरांचे दुकान नदीकडच्या बाजूला असल्यामुळे उरलेली वाद्ये माडीवर चढवायला आम्ही सगळेच गेलो. पाणी पुढे ओसरले. माझ्या चुकीच्या जागी आलेल्या त्या स्वराविषयी नंतर कोणी काही बोलले नाही, ही कृष्णामाईची कृपा.

वाद्ये वर चढवून झाल्यावर मास्तरांनी चहा मागवला आणि सर इतिहासात शिरले. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा आफ्रिकी-अमेरिकी वादकांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला; तिथले संगीत गोव्याच्या वादकांनी उचलले; त्यांच्यातल्याच चिक चॉकलेट या ट्रम्पेटवादकाने पुढे सी. रामचंद्रांचा साहाय्यक म्हणून चित्रपटसंगीतात काम केले, आणि ती गाणी गावोगावच्या वरातींत पोचली. मास्तर बशीतला चहा फुंकत ऐकत होते. ते म्हणाले, “म्हंजी सर, आमी इतकी वर्सं ह्येच वाजवतोय की वो.” सरांना यावर उत्तर सुचले नाही, आणि खरे सांगायचे तर ते म्हणणे बरेचसे बरोबर होते.

पुढची पायरी प्लंजरची. ड्यूक एलिंग्टन या अमेरिकी जॅझ बँडनायकाच्या बँडमधले बबर मायली यांच्यासारखे वादक १९२० च्या दशकात ट्रम्पेटच्या तोंडाशी तुंबलेले बेसिन मोकळे करायचा रबरी पंप धरत आणि तो उघडझाप करून माणूस बोलल्यासारखा ‘वाव् वाव्’ आवाज काढत. खास वाद्याचे असे काही यात नाही. दांडा काढला की तोच पंप. गणपती पेठेतल्या दुकानदाराने चार पंप एकदम मागणाऱ्या आम्हा पोरांकडे सहानुभूतीने पाहिले आणि कोणते वसतिगृह, अशी चौकशी केली. आम्ही ते आणून वसतिगृहातल्या एका खोलीत ठेवले, आणि तिथेच घात झाला, कारण रविवारी त्यांतला एक जागेवर नव्हता आणि सोमवारी तो ओला होऊन परत आला होता. चार पंपांपैकी कोणता तो, हे ठरवण्यासाठी बराच वेळ वास घेण्यात गेला. शेवटी वरिष्ठतेप्रमाणे वाटप झाले आणि चौथ्या ट्रम्पेटला चौथा पंप मिळाला.

कार्यक्रम कोजागरीला महाविद्यालयाच्या मैदानात ठरला, कारण त्यानंतर वाद्यांची मुदत संपत आली होती आणि मसाला दुधाचे आमिष असल्याशिवाय श्रोते येणार नव्हते. लोक सहकुटुंब आले, भडंगाचे पुडे उघडले गेले आणि आम्ही सुरुवात केली. टाळ्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्यायच्या असतात, अशी विनंती सरांनी आधीच केली होती. मैदानाने ती ऐकून घेतली आणि पहिल्या-तिसऱ्यावर टाळ्या दिल्या. आम्ही पंप काढले, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका आजींनी शेजारणीला मोठ्याने विचारले, “नवे घेतलेत ना गं ते?” माझ्या २४ बारांत मी चंद्राकडे, दुधाच्या पातेल्याकडे किंवा तिसऱ्या ट्रम्पेटच्या मोबाइलकडे एकदाही पाहिले नाही, आणि पंचविसाव्या बारावर आम्ही चौघे खरोखरच एकत्र आलो. त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. पण अगदी शेवटी ड्रमरने सरांच्या डोळ्यांदेखत लांबलचक तिहाई घेतली आणि सगळा बँड तिच्यामागून समेवर येऊन आदळला, तेव्हा मैदानभर माना डोलल्या आणि मागून कोणीतरी “क्या बात है!” म्हणाले. सरही टाळ्या वाजवत होते. कोणत्या मात्रेवर, ते मी पाहिले नाही.

वाद्ये परत करायला गेलो, तेव्हा मास्तरांनी मला बाजूला घेतले. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त दाट होते आणि त्यांचा एक ट्रम्पेटवाला गावी गेला होता. रोजंदारी, जेवण आणि जरीचा कोट, असा व्यवहार त्यांनी मांडला. मी भीत भीत म्हणालो, “मास्तर, मला फक्त चौथा ट्रम्पेट येतो. मधे मधे थांबावं लागतं.”

“आपल्यात थांबायचं न्हाय बाबा,” मास्तर म्हणाले. “मांडवापतूर अक्खा रस्ता वाजवायचं. न्हाय जमलं तर गाल फुगवून चालायचं, मागं बाकीचं हाईत.”

मी कोटाचे माप देऊन आलो.