परीक्षेपेक्षा ते ३,००० तास महत्त्वाचे

भारतात एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची मास्टर्स पदवी, करून लग्नानंतर शिकागोकडे आलेल्या मुलींना इथे पहिला सल्ला ठरलेला असतो. "तुझी डिग्री इथे चालत नाही गं. सॉफ्टवेअर टेस्टिंगचा एखादा कोर्स कर, नोकरी लागून जाईल." सांगणारीचा हेतू चांगला असतो, माहिती मात्र चुकीची असते. आणि या चुकीच्या माहितीपायी आमच्या क्षेत्रातल्या कितीतरी चांगल्या बायका कायमच्या बाहेर पडल्या. नागपूर-सोलापूरच्या वस्त्यांमध्ये उन्हातान्हात फिरून काम शिकलेल्या बायका. त्याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते आहे. शिकागो ज्यात येतं त्या इलिनॉय राज्यात मी एलसीएसडब्ल्यू आहे, म्हणजे लायसन्स्ड क्लिनिकल सोशल वर्कर. माझी एमएसडब्ल्यू पुण्याची.

आधी एक लक्षात घ्या. सबंध अमेरिकेचं मिळून एक लायसन्स नसतं. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, अर्ज वेगळा. कॅलिफोर्नियात कायदा आणि व्यावसायिक नीतीची स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते, आमच्याकडे ती नाही. न्यू जर्सीतल्या मावसबहिणीला जे करावं लागलं ते तुम्हाला करावं लागेलच असं नाही. कुणी "अमेरिकेत असं असतं" म्हणून सांगायला लागलं की पहिला प्रश्न विचारायचा, कुठल्या राज्यात?

इलिनॉयमध्ये दोन पायऱ्या आहेत. पहिली एलएसडब्ल्यू, म्हणजे लायसन्स्ड सोशल वर्कर. मान्य मास्टर्स पदवी असेल तर या पायरीसाठी १ जानेवारी २०२२ पासून परीक्षाच राहिलेली नाही, हे अजूनही आपल्या लोकांना माहीत नसतं. दुसरी एलसीएसडब्ल्यू. तिच्यासाठी लायसन्सधारक क्लिनिकल सोशल वर्करच्या देखरेखीखाली ३,००० तासांचं क्लिनिकल काम आणि त्यानंतर एएसडब्ल्यूबी या लायसन्स मंडळांच्या संघटनेची क्लिनिकल परीक्षा. हे लायसन्स हातात आलं की तुम्ही स्वतंत्रपणे थेरपी देऊ शकता, स्वतःची प्रॅक्टिस काढू शकता.

आपल्या डिग्रीचं काय? सोशल वर्कच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी सीएसडब्ल्यूई नावाची संस्था आहे. परदेशी पदवी इथल्या पदवीच्या तोडीची आहे की नाही, हे तिचा एक विभाग तपासून देतो. बहुतेक जणी इथेच अडकतात, आणि अडकतात त्या फील्डवर्कपाशी. इथल्या एमएसडब्ल्यूला किमान ९०० तासांचं फील्डवर्क लागतं. आपल्याकडे आठवड्यातले दोन दिवस, दोन वर्षं, शिवाय ग्रामीण शिबिर आणि शेवटी ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे एकाच संस्थेत सलग पूर्णवेळ काम. तास नीट मोजले तर आपण कमी पडायचं कारणच नाही. पण ते मोजून लिहिलेले कुठे असतात? गुणपत्रिकेवर "फील्ड वर्क" असे दोन शब्द आणि समोर गुण. आम्ही पानंच्या पानं जर्नल लिहायचो, दर आठवड्याला आयसीला, म्हणजे सुपरव्हायझरबरोबरच्या वैयक्तिक चर्चेला, बसायचो, जीसीला, म्हणजे गटचर्चेला, केस मांडायचो. या सगळ्याचा अमेरिकेत दाखवता येईल असा एकही कागद नसतो. मी कॉलेजकडे तासांचं पत्र मागितलं तेव्हा कार्यालयातून उत्तर आलं, "असं पत्र आजवर कुणाला दिलेलं नाही." शेवटी माझ्या जुन्या फील्डवर्क सुपरव्हायझर बाईंनी, निवृत्त झालेल्या असूनही, स्वतः कॉलेजात जाऊन हजेरीपटावरून तास काढून घेतले आणि लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी पत्र मिळवून दिलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण पदवीचा निकाल एखाद्या बाईंच्या चांगुलपणावर ठरावा, हे बरोबर नाही.

व्हिसाचाही प्रश्न आहे, पण तो थोडक्यात सांगते. एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी नोकरी-व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असाल तर वर्क परमिटशिवाय नोकरी करता येत नाही, आणि नोकरीशिवाय तास भरत नाहीत. नवऱ्याच्या ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत पोचल्यावर २०१५ च्या नियमानुसार परमिटसाठी अर्ज करता येतो. तोवरच्या काळात पदवीची तपासणी उरकून ठेवा. त्याला परमिट लागत नाही.

आता त्या ३,००० तासांविषयी. हे आकडे ऐकूनच पुष्कळ जणी मागे फिरतात. पूर्णवेळ नोकरी धरली तरी दीड-दोन वर्षं जातात, आणि या काळात पगार बेताचाच असतो. तरीही मी म्हणेन की या सगळ्या प्रक्रियेत सोन्यासारखी गोष्ट कुठली असेल तर हीच. कारण हे तास नुसते भरायचे नसतात. तुमच्या सुपरव्हायझरने महिन्याला सरासरी किमान चार तास तुमच्याबरोबर बसून केसेसवर बोलायचं असतं, आणि शेवटी सही करून तुमची जबाबदारी घ्यायची असते.

एक प्रसंग सांगते. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. आपल्याच उपखंडातलं एक कुटुंब होतं. मुलाच्या अंगावर वळ होते. इथे सोशल वर्कर कायद्याने बांधील असते. मुलावर अत्याचाराचा वाजवी संशय आला की डीसीएफएस या बालकल्याण खात्याच्या हॉटलाइनला फोन करावाच लागतो. करू की नको, असा विचार करायची मुभाच नसते. फोन केला. दुसऱ्या दिवशी मुलाची आई माझ्यासमोर बसून हिंदीत म्हणाली, "मी तुम्हाला आपलं माणूस समजले होते." त्या आठवड्याच्या सुपरव्हिजनमध्ये आम्ही दुसरं काहीच बोललो नाही. त्या बाईला पुढच्या भेटीत पहिलं वाक्य काय बोलायचं, नोंदीत काय लिहायचं आणि काय लिहायचं नाही, तिचा राग न खोडता तिच्याबरोबरचं काम चालू कसं ठेवायचं. माझी सुपरव्हायझर साठीच्या घरातली, जन्मभर शिकागोच्या दक्षिण भागात काम केलेली बाई. सगळं झाल्यावर तिने विचारलं, "आज घरी गेल्यावर तुझ्याशी बोलायला कोण आहे?"

भारतात मी एका सरकारी रुग्णालयात काम करत असताना हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता. तिथे जळीत वॉर्ड माझ्याकडे होता. नवी नवरी, ऐंशी टक्के भाजलेली, सासू पलंगाच्या पायथ्याशी उभी, आणि मुलगी म्हणते आहे, "स्टोव्ह भडकला." तिच्याशी एकटीने बोलायला मिळावं म्हणून सिस्टरच्या हातापाया पडायचं, माहेरच्यांना निरोप धाडायचा, पोलिसांच्या मागे लागायचं. दोन दिवसांनी खाट रिकामी होते आणि संध्याकाळपर्यंत तिच्यावर दुसरी मुलगी आलेली असते. आम्ही बायका हे सगळं पोटात घालून लोकलने, एसटीने घरी जायचो आणि कुकर लावायचो. कॉलेजातली आयसी कॉलेजबरोबर संपली. खऱ्या केसेस सुरू झाल्या तेव्हा सुपरव्हायझर नावाचं माणूस उरलंच नव्हतं. आमच्या वरचे साहेब फक्त महिन्याचा अहवाल मागायचे.

म्हणून परीक्षेबद्दल माझं मत जरा कडक आहे. मी दिली तेव्हा चार तासांत १७० प्रश्न होते, त्यातले २० नुसते चाचणीसाठी, गुणांत न धरले जाणारे. प्रश्न असा यायचा: अमुक परिस्थितीत सोशल वर्करने सर्वांत आधी काय करावं? चार पर्याय, आणि चारही गोष्टी कधी ना कधी करायच्याच असतात. फक्त "सर्वांत आधी" कोणती, हे त्यांच्या चौकटीत ओळखायचं. सज्ञान मुलीचा निर्णय तिचा एकटीचा, हे त्या चौकटीत गृहीतच असतं. आईवडिलांना विचारात घेतल्याशिवाय जिथे घरातला कुठलाच निर्णय होत नाही, अशा ठिकाणी काम शिकलेल्या बाईला तो पर्याय लगेच हाती लागत नाही. तिचं काम कच्चं असतं असा याचा अर्थ नाही.

हे माझं एकटीचं रडगाणं नाही. २०२२ मध्ये एएसडब्ल्यूबीने उमेदवारांच्या वंशानुसार निकालाचे आकडे जाहीर केले. क्लिनिकल परीक्षेत पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण होणाऱ्या गोऱ्या उमेदवारांचं प्रमाण सुमारे ८४ टक्के आणि कृष्णवर्णीय उमेदवारांचं ४५ टक्के. याच लोकांनी मान्यताप्राप्त कॉलेजांतून पदव्या घेतल्या, देखरेखीखाली काम केलं, अनुभवी सुपरव्हायझरांनी त्यांच्या कामावर सह्या केल्या. मग चार तासांच्या परीक्षेत एवढी दरी पडते, तर ती परीक्षा कामाची लायकी मोजते आहे का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. इलिनॉयने तो विचारला, याचा मला अभिमान वाटतो. २०२४ पासून इथे क्लिनिकल परीक्षेत नापास झालेल्यांना दुसरा रस्ता मिळाला आहे: आणखी ३,००० तास देखरेखीखाली काम करा आणि लायसन्स मिळवा. काही जण म्हणाले, यामुळे दर्जा घसरेल. मला उलट वाटतं. ६,००० तास जिचं काम जाणत्या माणसाच्या नजरेखालून गेलं आहे, तिच्याकडे मी माझ्या बहिणीला निर्धास्तपणे पाठवीन.

लायसन्सच नको, असं मात्र मी कधीही म्हणणार नाही. इथे कुणीही माझं नाव सरकारी संकेतस्थळावर टाकून लायसन्स चालू आहे की नाही, माझ्यावर कधी कारवाई झाली आहे का, हे बघू शकतं. मी चुकीचं वागले तर तक्रार कुठे करायची हे ठरलेलं आहे. दर दोन वर्षांनी नूतनीकरणासाठी ३० तासांचं शिक्षण घ्यावं लागतं. आपल्याकडे चार दिवसांचा कोर्स करून समुपदेशन केंद्राची पाटी लावता येते, आणि मोडलेलं माणूस त्या पाटीवर विश्वास ठेवून आत जातं. कायद्याची सुरुवात आपल्याकडेही झाली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात सायकियाट्रिक सोशल वर्करची राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे, आणि २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याने वैद्यकीय आणि क्लिनिकल सोशल वर्कर या नोंदणीच्या चौकटीत आणले. पण वस्तीत, पोलीस ठाण्यातल्या महिलांच्या विशेष कक्षात, बालगृहात काम करणाऱ्यांचं काय? त्यांच्यासाठी देशपातळीवर कायद्याने स्थापन झालेली परिषद अजून नाही.

उद्या ती झालीच, तर भीती एकच वाटते, की आपण अमेरिकेकडून परीक्षा तेवढी उचलू. परीक्षा घेणं सोपं असतं. क्लास निघतील, गाइडं निघतील, इंग्रजी चांगलं असलेली शहरातली मुलं पास होतील, आणि गडचिरोली-नंदुरबारची भाषा येणारी, तिथे राहून काम करणारी मुलगी बाहेर राहील. उचलायचं असेल तर सुपरव्हिजन उचला. सरकारी रुग्णालयातल्या प्रत्येक समाजसेवा अधीक्षकाला, विशेष कक्षातल्या प्रत्येक कार्यकर्तीला, आयसीटीसी या एचआयव्ही तपासणी-समुपदेशन केंद्रातल्या प्रत्येक समुपदेशकाला महिन्यातून चार तास अनुभवी माणसासमोर बसता आलं पाहिजे, आणि ते चार तास कामाच्या वेळेत, पगारी धरले पाहिजेत. कंत्राटी आहे म्हणून तिला वगळायचं नाही, कारण सगळ्यात अवघड केसेस तिच्याकडेच असतात.

आपली डिग्री इथे परकी आहे असं वाटणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे अमेरिकन मिशनरी शिकागोत शिकले. जेन ॲडम्स यांनी १८८९ मध्ये ज्या शहरात हल हाउस हे वस्तीतलं समाजकार्य केंद्र सुरू केलं, तेच हे शहर. तिथून ते अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईला आले, नागपाड्याच्या वस्तीत नेबरहूड हाउस उभं केलं, आणि १९३६ मध्ये टाटांच्या विश्वस्त निधीतून निघालेल्या सोशल वर्कच्या शाळेचे, म्हणजे आजच्या टिसचे (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), ते पहिले संचालक झाले. आयसी, जीसी, जर्नल, वस्तीतलं फील्डवर्क ही आपली शिकवण्याची पद्धत आणि इथली पद्धत एकाच घराण्यातल्या आहेत. आपण शिकलो ते इथल्यांना अनोळखी नाही. ते कागदावर दिसलं पाहिजे, एवढंच.

म्हणून एमएसडब्ल्यू कॉलेजांच्या प्राचार्यांना माझी कळकळीची विनंती: गुणपत्रिकेबरोबर फील्डवर्कच्या एकूण तासांचा, संस्थांच्या नावांचा आणि सुपरव्हायझरच्या पदवीचा एक पानी दाखला प्रत्येक विद्यार्थिनीला द्या. परदेशी जाणार असो वा नसो. आणि ज्या मुली यायच्या तयारीत आहेत त्यांनी तिकीट काढायच्या आधी हा दाखला, अभ्यासक्रमाची सही-शिक्क्याची प्रत आणि जर्नल्स गोळा करा. दाखल्याचा मसुदा माझ्याकडे तयार आहे. मेसेज करा, पाठवते.