किडनीच्या रुग्णाचं प्रत्येक दुखणं युरिक ॲसिडचं नसतं
‘किडनीच्या रुग्णाचे सांधे दुखले, हातपाय बधिर झाले, की ते युरिक ॲसिडच, डाळ सोडा, डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी घ्या’ असा संदेश फिरतोय. तो अर्धवट आहे आणि धोकादायकही. युरिक ॲसिडने गाऊट, म्हणजे सांध्यांना सूज आणि तीव्र वेदना होतात, हे खरं. पण बधिरपणा, तळपायांची जळजळ ही बहुधा नसांची (मज्जातंतूंची) तक्रार. त्यामागे मधुमेह किंवा रक्तात साचलेली विषारी द्रव्यं असू शकतात. रक्तातला फॉस्फरस व कॅल्शियमचं प्रमाण सांभाळणारं पॅराथायरॉइड हार्मोन वाढल्यानेही हाडं दुखतात. अनेक वर्षं डायलिसिसवर असलेल्यांच्या मनगटात प्रथिन साचून नस दाबली जाते. तरुण मुलीला सांधेदुखीबरोबर लघवीतून प्रथिनं जात असतील तर ल्युपसची (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते त्या आजाराची) तपासणी हवीच. आणि कृपा करून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही वेदनाशामकं मनाने घेऊ नका. त्यांनी किडनीचा रक्तपुरवठा घटतो. नसांच्या दुखण्यासाठीच्या प्रीगॅबॅलिन या औषधाचाही डोस किडनी पाहूनच ठरतो.