निपाणीच्या ग्राहकाच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

आधी एक विनंती. मागच्या ब्रेकजवळ तेल पाझरतंय असं तुम्ही लिहिलंय. ते बंद होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. तुमच्या बीएमडब्ल्यू आर ८०/७ ला मागे ड्रम ब्रेक आहे. गिअर ऑइल ब्रेक शूवर गेलं की पाय कितीही दाबला तरी चाक धरत नाही, आणि तुम्ही तवंदी घाट चढ-उतार करणारी माणसं. उद्या सकाळी आमचा टेम्पो निपाणीला येतोय, गाडी त्यात घालून द्या. भाडं आमचं.

आता तक्रारीकडे येतो. तुमचं म्हणणं असं: ऑइल बदलायला गाडी दिली होती, ती नऊ दिवस अडकवली; न विचारता मागचं चाक उतरवलं; एकाच कामाला दोनदा ऑइलचे पैसे लावले; आणि शाफ्टच्या, म्हणजे चेनऐवजी फिरत्या दांड्याने चाक चालवणाऱ्या, गाडीला मेंटेनन्स नसतो म्हणून तर लोक ती घेतात.

न विचारता चाक उतरवलं, हे खरं आहे. फोन करायला हवा होता. त्या खोलण्या-जोडण्याची मजुरी तुम्हाला परत करतो. पण का उतरवलं ते सांगू द्या. फायनल ड्राइव्हचा, म्हणजे शाफ्टचा जोर चाकाला देणाऱ्या गिअरच्या घराचा, खालचा बोल्ट काढला तेव्हा जे बाहेर आलं ते ऑइल नव्हतं, दुधाचा चहा होता. म्हणजे आत पाणी. जुलैत चोर्ला घाटातून गोव्याला गेलो होतो, असं तुम्हीच सांगितलं होतं. जांबोटी-कणकुंबीचा पाऊस आणि त्यावर वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप, एवढं जुन्या सीलना, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्यांना, पुरतं. त्यानंतर स्विंगआर्मचा, म्हणजे ज्या नळीत शाफ्ट फिरतो तिचा, बोल्ट काढला. तिथून १५० मिली यायला हवं. आलं चार-पाच चमचे.

दोनदा पैसे लावण्याचं कारणही इथेच आहे. या मॉडेलमध्ये इंजिनच्या मागे तीन वेगवेगळी घरं आहेत आणि तिन्हींचं ऑइल वेगळं भरावं लागतं: गिअरबॉक्स, शाफ्टची नळी आणि चाकाजवळचा फायनल ड्राइव्ह. शाफ्टला १५० मिली, फायनल ड्राइव्हला २५०. दोन्हीकडे ८०डब्ल्यू-९० हायपॉइड, जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल. माप लहान आहे म्हणूनच घात होतो. इंजिनातून १५० मिली कमी झालं तर इंजिन खपवून घेतं. इथे तेवढंच कमी झालं की नळी कोरडी. बिलावर मी 'मागचं काम' एवढंच लिहिलं, त्यातून तुम्हाला काय कळणार? आता प्रत्येक ओळ वेगळी लिहून नवीन बिल देतो.

नळी कोरडी दिसल्यावर मी गप्प बसू शकलो नाही. शाफ्टच्या मागच्या टोकाला घंटेसारखं दातेरी कपलिंग आहे आणि ते त्याच ऑइलवर जगतं. ऑइल गेलं कुठे हे शोधताना गिअरबॉक्स आणि स्विंगआर्म यांच्यामधला रबरी बूट फाटलेला सापडला. बूट निघालाच होता, म्हणून आतले युनिव्हर्सल जॉइंटचे चारही बोल्ट तपासले, घट्ट होते. मग चाक उतरवून स्प्लाइन, म्हणजे चाकाच्या हबला फायनल ड्राइव्हशी जोडणारे दाते, बघितले. ग्रीस वाळून तांबडी भुकटी झाली होती. दाते मात्र अजून सपाट माथ्याचे आहेत, करवतीसारखे टोकदार झालेले नाहीत. साहेब, ही तुमच्यासाठी खरोखर चांगली बातमी आहे. ते दाते गेले असते तर हब शोधत मुंबई-पुणं पालथं घालावं लागलं असतं. साफ करून मॉली ग्रीसची पेस्ट लावली आहे.

नऊ दिवसांपैकी पाच दिवस बुटाचं पार्सल यायला लागले. दोन दिवस मी चंदगडला लग्नाला होतो आणि गाडी नुसती उभी होती. हे तुम्हाला कळवलं नाही, चुकलं.

माझी मोठी चूक तुमच्या तक्रारीत आलेलीच नाही. चाक उतरवल्यावर ड्रममागच्या मोठ्या सीलपाशी मला ओल दिसली होती. रबर कडक झालं होतं. मी ते पुसलं, बिल आधीच वाढलंय असा विचार केला आणि अजून एक पावसाळा निघेल असं स्वतःच ठरवलं. तेव्हाच फोन करून विचारलं असतं तर तुम्ही 'बदला' म्हणाला असतात. जिथे विचारायचं तिथे विचारलं नाही, आणि जिथे करायलाच हवं होतं तिथे हात आखडला. नवीन ऑइल पूर्ण पातळीला भरल्यावर त्या सीलने दम सोडला असणार. सील, दोन्ही ब्रेक शू आणि मजुरी आमच्याकडून. गाडी खोलताना तुम्ही समोर बसावं अशी माझी इच्छा आहे. सील सोडून दुसरं काही निघालं तर तेही तुमच्या डोळ्यांसमोर निघेल.

बुटाचे, ऑइलचे आणि स्प्लाइनच्या कामाचे पैसे मात्र मी परत करणार नाही. ते काम गाडीला हवंच होतं.

'मेंटेनन्स नसतो' हे वाक्य मी महिन्यातून दोनदा तरी ऐकतो, म्हणून इतरांसाठीही लिहितो. बुलेटची चेन सैल झाली की आवाज करते, कव्हरवर आपटते, दिसते. शाफ्ट डोळ्याआड असतो. १९२३ च्या आर ३२ पासून बीएमडब्ल्यूने शाफ्ट दिला आणि तो पिढ्यान् पिढ्या टिकला, पण ऑइल बदललेल्या गाड्यांमध्ये टिकला. आपल्याकडच्या पावसात मी किलोमीटर मोजत बसत नाही. पावसाळा संपला की खंडेनवमीच्या आधी शाफ्टची नळी आणि फायनल ड्राइव्ह या दोन्ही घरांचं ऑइल बदलायचं. दहा-पंधरा किलोमीटर चालवून गाडी गरम करायची, सेंटर स्टँडवर सरळ उभी करायची आणि खालचा बोल्ट काढण्याआधी वरचा भरायचा बोल्ट सुटतोय का ते बघायचं. वरचा अडकला आणि खालून ऑइल सोडून दिलं, की गाडी आहे तिथेच राहिली. निघालेलं ऑइल बोटांत चोळून बॅटरीच्या उजेडात बघा. बारीक राखाडी छटा चालते. चमकणारी कणी दिसली तर थांबा. चाक वर-खाली धरून हलवा, बेअरिंगचा खुळखुळा तिथे कळतो. टायर बदलायला चाक निघेल तेव्हा स्प्लाइनला ग्रीस लावल्याशिवाय ते परत बसवू देऊ नका, मग गॅरेज कुणाचंही असो.

मी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर नऊ वर्षं काढून हे गॅरेज सुरू केलं. तुमच्या वडिलांनी सांभाळलेली गाडी माझ्या हातून तेल गळत परत गेली, याचं मला फार वाईट वाटतंय. टेम्पो आठ वाजेपर्यंत पोहोचेल. गाडीबरोबर जुनं बिलही द्या.