सतराशे रुपये

आज सकाळी माझ्या मांजरीला, चिंगीला, दरवर्षीच्या लशींसाठी नेलं होतं. तीन विषाणूंवरची ट्रायकॅट ९५०, रेबीज ३५०, तपासणी ४००. आल्यावर तिचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. मागे टेबलावर बिल पडलेलं दिसत होतं, तेवढं पुरलं. "मांजराला १७००? अगं, एवढ्यात माणसाचं महिन्याचं औषध येतं." "गावाकडे मांजरं काय डॉक्टरकडे जातात?" खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. सगळी वयाने मोठी माणसं, म्हणून तिथे गप्प बसले. इथे बोलते.

गावाकडे मांजरं डॉक्टरकडे जात नाहीत, बरोबर. वाईला आजीच्या माळ्यावर दर उन्हाळ्यात चार-पाच पिल्लं असायची. दिवाळीला गेलो की त्यातलं एखादं दिसायचं. बाकीची कुठे गेली विचारलं तर "बोक्याने नेली असतील" म्हणायची आजी, आणि आम्ही फराळाला बसायचो. गावाकडे मांजरं अशीच जगतात म्हणणाऱ्यांनी मेलेली कधी मोजली आहेत का?

मी एक मोजलं आहे. माझ्या जुन्या मित्रमैत्रिणींना गोट्या आठवत असेल. २०१७ च्या पावसात बिल्डिंगच्या मीटरच्या खोलीत सापडला होता, तळहाताएवढा. ऑगस्टमध्ये दवाखान्यात लशीचं विचारलं. पहिला डोस ८००, मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा. घरात गणपतीची तयारी, पाहुणे, खर्च. मी काउंटरवर म्हटलं, "गणपती होऊ देत, मग आणते." हे वाक्य माझं आहे. ते मी कुणावर ढकलू शकत नाही.

विसर्जनानंतर चौथ्या दिवशी त्याने खाणं सोडलं. उलट्या, मग जुलाब. आणि पाण्याच्या वाटीवर मान टाकून तो तासन्‌तास बसून राहायचा. तहान असायची, पण पाण्याला तोंड लावायचा नाही. डॉक्टरांनी नुसतं ते वर्णन ऐकून विचारलं, "लस झाली आहे?" पॅनल्यूकोपेनिया. कुत्र्यांना होणाऱ्या पार्व्हो रोगाच्या विषाणूच्याच घराण्यातला विषाणू. रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपवतो, आतडी सोलवटून काढतो. त्यावर नेमकं औषध नाही. सलाईन लावायचं, उलटी थांबवायची आणि वाट बघायची. चार दिवसांत ९६०० रुपये झाले. पाचव्या दिवशी पहाटे तो गेला. ट्रायकॅट ही लस याच रोगावरची आहे, सोबत सर्दी-फ्लूचे दोन विषाणू. ८०० रुपये.

त्यानंतर वर्षभर घरात पिल्लू आणू नका म्हणाले, कारण हा विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो. साध्या फिनाइलने तो जाईलच असं नाही. मी ब्लीचच्या पाण्याने फरशी पुसत होते आणि मला ती वाटी आठवत होती.

म्हणून चिंगीचा हिशेब मी वहीत लिहिते. आजचे १७००. जंताची गोळी दर तीन महिन्यांनी, ८० प्रमाणे ३२०. पावसाळ्यात पिसवांसाठी मानेवर टाकायचे थेंब, तीन वेळा मिळून १३५०. आता ती सात वर्षांची आहे, म्हणून वर्षातून एकदा रक्त तपासतो, १८००. मांजराची किडनी बरीचशी निकामी होईपर्यंत बाहेरून काही कळत नाही, दुखणं लपवणं हा त्यांचा स्वभावच आहे. मध्ये कधीतरी एखादी तपासणी, ४००. झाले ५५७०. दिवसाला साधारण पंधरा रुपये. टपरीवरच्या एका चहाचे पैसे. यात खाणं आणि शी-शूची वाळू धरलेली नाही, हे मान्य. नसबंदीचं ऑपरेशनही नाही, पण ते आयुष्यात एकदाच.

आणि रेबीज? लक्षणं दिसू लागली की त्यावर इलाज नाही, माणसालाही नाही. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये मांजरासाठीही परवाना आणला, त्यासाठी रेबीजच्या लशीचा दाखला लागतो. मांजराने ओरबाडलं की हीच मंडळी घाबरून सरकारी दवाखान्यात सुया घ्यायला धावतात, आणि मांजराला ३५० ची सुई म्हणजे चोचले!

ग्रुपवर एका काकूंनी सल्लाही दिला आहे, ताप आला तर पॅरासिटॅमॉलची पाव गोळी दुधातून द्यायची, कशाला हवाय डॉक्टर. काकू, पॅरासिटॅमॉलने मांजर मरतं. पाव गोळीनेही मरू शकतं. त्यांच्या यकृताला ते पचवता येत नाही. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने कृपा करून लक्षात ठेवा. कुत्र्यांचं गोचिडीचं औषधही मांजराला लावू नका, त्यातल्या काहींत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, त्यानेही मांजरं मरतात.

हो, दवाखान्यागणिक दर बदलतात आणि ते कुठे लिहून लावलेले नसतात. हो, मोठ्या मांजराला ट्रायकॅट दरवर्षी द्यायची की तीन वर्षांनी, यावर डॉक्टरांचंही एकमत नाही. आपल्या डॉक्टरांना लस कोणत्या प्रकारची आहे ते विचारा. पण पिल्लाच्या पहिल्या डोसांबद्दल दोन मतं नाहीत.

एवढं तावातावाने लिहिलं, पण खरं सांगायचं तर सकाळपासून डोक्यात ग्रुप नाहीच आहे.

दवाखान्यात माझ्या पुढे एक मुलगा होता. वीस-बावीसचा असेल, जेवण पोचवणाऱ्यांचा असतो तसा टी-शर्ट. सॅक पोटाशी उलटी अडकवलेली, चेन अर्धी उघडी, आणि त्यातून एक भुरं पट्टेरी पिल्लू डोकं बाहेर काढून सगळीकडे बघत होतं. त्याने लशीचे किती विचारलं. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं. तो क्षणभर थांबला, पिल्लाचं डोकं हलकेच आत दाबलं आणि म्हणाला, "पगार झाला की येतो."

त्याच्याकडे खरंच नव्हते. माझ्याकडे तेव्हा होते, मी ते मखरात घातले. हा फरक मला कळतो, म्हणून त्याला मी काही म्हणणार नाही. जवळच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात मी एकदा विचारलं होतं, तिथे ट्रायकॅट नव्हती. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिनी बऱ्याच ठिकाणी रेबीजची लस फुकट देतात, पण ही नाही. मग त्याने जायचं कुठे?

आणि मी पाकीट हातात धरून शेजारीच उभी होते. अनोळखी मुलाला पैसे कसे देऊ, त्याला काय वाटेल, असा विचार करेपर्यंत तो जिना उतरून गेला होता. चिंगीला बास्केटमध्ये ठेवून मी खाली धावले. गाडी निघून गेली होती.

पौड रोडच्या बाजूला राहणाऱ्यांनो, असा मुलगा दिसला तर त्याला माझा निरोप द्या. भुरं पट्टेरी पिल्लू, डाव्या कानाला छोटी खाच, काळी सॅक. पगाराची वाट बघू नको म्हणावं. दोन्ही डोसांचे पैसे मी उद्या सकाळी काउंटरवर भरून ठेवते आहे.