रंगाचा डबा सगळ्यात शेवटी

जुन्या वाफेच्या इंजिनाचं जतन म्हटलं की फोटोत रंग दिसतो. चकचकीत काळा पत्रा, लाल बफर बीम, घासून पिवळंधमक केलेलं पितळ. बघून आनंद होतो, तो व्हायलाच हवा. पण त्या रंगाखाली फायरबॉक्सच्या, म्हणजे आग पेटते त्या पेटीच्या, तळाशी पत्रा किती मिलिमीटर उरलाय, हे सहसा कुणी विचारत नाही. माझं स्पष्ट मत आहे की ज्या कामात मोजमापांची वही रंगाच्या आधी भरलेली नाही, त्याला जीर्णोद्धार म्हणू नये. ती रंगरंगोटी आहे आणि दोन-तीन वर्षांत उघडी पडते.

इंजिन धावून झिजतं त्यापेक्षा उभं राहून जास्त सडतं, आणि त्याचं कारण पाणी. शेवटच्या फेरीनंतर स्मोकबॉक्समध्ये (चिमणीखालच्या धुराच्या पेटीत) आणि ॲशपॅनमध्ये (आगीखालच्या राखेच्या तबकात) राख तशीच राहून जाते. कोळशात गंधक असतं. चिमणीतून पावसाचं पाणी त्या राखेवर पडलं की तिथे आम्ल तयार होतं आणि महिनोन्महिने तळाच्या पत्र्याला चिकटून बसतं. चबुतऱ्यावर उभ्या केलेल्या इंजिनांच्या स्मोकबॉक्सचा तळ चाळणीसारखा होतो तो यामुळेच. म्हणून इंजिन ताब्यात आलं की पहिल्या दिवशीचं काम ठरलेलं असावं. राख पूर्ण उपसा, कोपरे खरवडा, सगळं कोरडं करा, चिमणीवर झाकण बसवा. याला खर्च जवळजवळ शून्य आहे आणि याच्याइतकं पत्रा वाचवणारं दुसरं काम नाही.

मग बॉयलर. अर्धवट पाणी भरलेला बॉयलर ही सगळ्यात वाईट अवस्था, कारण पाण्याच्या पातळीच्या रेषेवर गंज खोल खड्डे पाडतो. एक तर पूर्ण कोरडा ठेवा, म्हणजे खालचे वॉशआउट प्लग (बॉयलर धुण्यासाठीच्या भोकांची बुचं) काढून निथळू द्या, उबदार हवा फिरवा, आत सिलिका जेलचे ट्रे ठेवून बंद करा आणि ट्रे ठरावीक दिवसांनी बदला. नाहीतर अगदी वरपर्यंत भरा, पण ते पाणी अल्कधर्मी हवं आणि त्यातला ऑक्सिजन रसायनाने काढलेला हवा. जिथे पाणी गोठतं तिथे हा दुसरा मार्ग विसरा.

बॉयलरवरच्या पातळ पत्र्याच्या आवरणाखाली उष्णता धरून ठेवणारा थर असतो, त्याला लॅगिंग म्हणतात. आवरणाच्या सांध्यांतून पाणी आत गेलं की हा थर ओल्या गोधडीसारखा बॉयलरला लपेटून राहतो आणि बाहेरून काहीही दिसत नाही. तो काढायलाच हवा. पण जुन्या इंजिनांत तो बऱ्याचदा ॲस्बेस्टॉसचा असतो. आधी नमुना तपासून घ्या, आणि ॲस्बेस्टॉस निघालं तर ते काम प्रशिक्षित लोकांनी बंदिस्त जागेत, थर ओला करूनच करायचं. उत्साहाच्या भरात हातोडी-छिन्नी घेऊन भिडणाऱ्या स्वयंसेवकांना तिथे अजिबात जाऊ देऊ नका.

पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिक गेजने मोजतात. बॉयलरवर खडूने चौकटी आखायच्या, प्रत्येक चौकटीचं मोजमाप नकाशावर लिहायचं आणि मूळ आराखड्यातल्या जाडीशी ताडून बघायचं. जिथे आकडा खाली येतो तिथे चौकटी लहान करत जायचं. इथे एक फसगत होते. गेजचं टोक जेमतेम बोटभर रुंद असतं. दोन मोजमापांच्या मधे खोल खड्डा असला तरी वहीत पत्रा ठणठणीत दिसतो. म्हणून आतून दिवा आणि एंडोस्कोप घालून बघणं, हात पोचतो तिथे खड्ड्यांची खोली वेगळी मोजणं, हे टाळता येत नाही. खास बघायच्या जागा म्हणजे फाउंडेशन रिंगच्या (फायरबॉक्सच्या आतल्या-बाहेरच्या भिंती तळाशी जोडणाऱ्या कड्याच्या) वरचा पट्टा, बॉयलरचा तळ, वॉशआउट प्लगांच्या भोवतीचा भाग आणि पत्रा जिथे वळवलेला आहे ती कड. बॉयलर तापताना-निवताना श्वास घेतल्यासारखा हलतो. तो हलतो त्या वळणावर बारीक खाच पडते आणि पाणी ती खोल करत नेतं.

स्टे या भागाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण लोकांना तो दिसतच नाही. फायरबॉक्स म्हणजे पेटीत पेटी. आतल्या पेटीत आग, बाहेरची पेटी हवेत, मधल्या फटीत दाबाखालचं पाणी. हे दोन सपाट पत्रे एकमेकांपासून फाकू नयेत म्हणून शेकडो आटेदार दांडे दोन्ही पत्र्यांतून आरपार बसवलेले असतात. ते स्टे. दोन स्टेंमधलं अंतर १०० मिलिमीटर आणि दाब १२ बार धरला तर एकेका स्टेवर साधारण सव्वा टन ओढ येते. एक तुटला की त्याचा भार शेजारच्यांवर जातो. मग शेजारचा तुटतो. आतली पेटी जास्त तापते, म्हणून बाहेरच्या पेटीपेक्षा जास्त फुगते. त्या फरकाने प्रत्येक वेळी स्टे किंचित वाकतो. त्यामुळे तो बहुतेकदा बाहेरच्या पत्र्याला लागून तुटतो आणि वरच्या कोपऱ्यांतले आधी तुटतात. यासाठी अनेक स्टेंना बाहेरच्या टोकातून एक बारीक भोक पाडलेलं असतं. स्टे तुटला की त्या भोकातून पाणी किंवा वाफ पाझरते आणि तुटल्याची खबर मिळते. आता रंगाचा आणि पुटीचा मुद्दा. चकचकीत पृष्ठभागाच्या हौसेपायी ही भोकं पुटीने बुजवलेली असतात. खबर देणारं तोंडच बंद होतं! रंगवायच्या आधी ही भोकं तारेने मोकळी करा आणि रंगवल्यानंतर पुन्हा एकदा करा. बाकीच्या स्टेंना हातोडीने टिचकी मारून आवाज ऐकायचा. अखंड स्टे खणखणतो, तुटलेला बद्द वाजतो.

ट्यूबा म्हणजे आगीचा गरम धूर बॉयलरच्या पाण्यातून नेणाऱ्या नळ्या. त्यांच्या बाबतीत कंजुषी नको. बॉयलर उघडलाच आहे तर सगळ्या ट्यूबा काढा, कारण त्या काढल्याशिवाय बॉयलरचा तळ नीट दिसतच नाही. नवीन ट्यूब बसवताना एक्सपांडरने तिचं टोक ट्यूबप्लेटच्या (ट्यूबांची टोकं धरणाऱ्या भोकांच्या पत्र्याच्या) भोकात फुगवून घट्ट करतात. गळती दिसली की पुन्हा फुगव, पुन्हा फुगव, असं करत गेलं तर ट्यूबची भिंत पातळ होते, भोक लंबगोल होतं आणि ट्यूबप्लेटच बदलायची पाळी येते. भोक नीट गोल आणि स्वच्छ असेल तर ट्यूब पहिल्या-दुसऱ्या वेळीच बसते.

दुरुस्तीनंतर हायड्रॉलिक चाचणी. नियमांप्रमाणे कामाच्या दाबाच्या सव्वा ते दीड पट, कोमट पाण्याने, आतली हवा पूर्ण काढून. हवा राहिली तर ती स्प्रिंगसारखी दबते आणि काही फुटलंच तर तुकडे उडतात. पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे गळतं आणि दाब लगेच उतरतो.

वाफेवरचा बॉयलर मात्र असा सौम्य नसतो. १० बार दाबाला आतलं पाणी सुमारे १८४ अंश सेल्सिअसवर असतं. पत्रा फाटून दाब एकदम गेला तर त्या पाण्याचा साधारण सहावा हिस्सा क्षणात वाफ होतो, आणि एका लिटर पाण्याची सोळाशे लिटरांहून जास्त वाफ होते. १६ जून १९९५ रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गच्या पर्यटन रेल्वेवर १२७८ क्रमांकाच्या इंजिनात पाणी कमी पडून फायरबॉक्सचं छत उघडं पडलं, तापून मऊ झालं आणि फाटलं. इंजिनावरचे तिघे भाजले. तपासात वॉटर गेजचे, म्हणजे बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीचे, मार्ग क्षारांनी बुजत आलेले आढळले. म्हणजे काचेत पाणी दिसत होतं, पण ते खरं सांगत नव्हतं. त्यानंतर तिथले नियम बदलले. आता १,४७२ वाफेचे दिवस किंवा १५ वर्षं, यांतलं जे आधी येईल तेव्हा बॉयलर पूर्ण उघडून तपासावा लागतो.

म्हणूनच वॉटर गेजची चाचणी ही रोजची, न चुकवायची गोष्ट आहे. वाफेचा कॉक बंद करून ड्रेन उघडा, पाणी जोरात यायला हवं. मग पाण्याचा बंद करून वाफेचा उघडा, वाफ जोरात यायला हवी. शेवटी ड्रेन बंद करून दोन्ही उघडा. पातळी उसळून जागेवर यायला हवी. ती हळूहळू, आळसावल्यासारखी चढत असेल तर मार्ग बुजतोय, आणि त्या दिवशी आग पेटवायची नाही. दोन्ही गेजवर हेच करायचं आणि दोन्हींची पातळी जुळते का ते बघायचं. पाणी कमी पडलं की वितळून इशारा देणारा, फायरबॉक्सच्या छतातला शिशाचा फ्युजिबल प्लग ३२७ अंशांना वितळतो खरा, पण त्यावर क्षार साचले तर तो वेळेवर काम करेलच असं नाही. तो शेवटचा इशारा आहे, पाण्याकडे दुर्लक्ष करायची परवानगी नाही.

हे क्षार येतात पाण्यातून आणि जातात वॉशआउटने. दर काही आठवड्यांच्या धावेनंतर, पाण्याच्या प्रतीप्रमाणे अंतर ठरवून, सगळे प्लग उघडून बॉयलर धुवायचा. आधी तो हात लावता येईल इतका थंड होऊ द्या. मोठ्या बॉयलरला याला दीड-दोन दिवस लागतात. कार्यक्रमाची तारीख जवळ आली म्हणून गरम बॉयलर रिकामा करून त्यात गार पाण्याचा फवारा मारला की स्टे आणि ट्यूबा गळायला लागतात, आणि मग लोक नव्या ट्यूबांना दोष देतात. धुताना छतापासून सुरुवात करून खाली या. वरून सुटलेले खवले फाउंडेशन रिंगच्या कोपऱ्यांत जमतात. ते सळईने ढोसून काढले नाहीत तर तिथे विटेसारखे घट्ट होतात, पाणी पत्र्यापर्यंत पोचत नाही आणि पत्रा जळतो. पहिली आग पेटवतानाही घाई नको. आदल्या दिवशी लहानशी आग, दुसऱ्या दिवशी दाब.

चाकं, रॉड, सिलिंडर यांकडे लोकांचं लक्ष जातं, म्हणून थोडक्यात. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या इंजिनाच्या ॲक्सलबॉक्समध्ये (चाकांचा आस ज्यात फिरतो त्या पेटीत) तेलाखाली पाणी साचलेलं असतं आणि ॲक्सलवर गंजाची कडी धरलेली असते. ते उघडून न बघता इंजिन ओढून नेलं तर बेअरिंगमधला मऊ मिश्रधातू, म्हणजे व्हाइट मेटल, वाटेतच वितळतो. बंद इंजिन लांब न्यायचं असेल तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला चाकाशी जोडणारा दांडा) सोडवा, नाहीतर कोरड्या सिलिंडरमध्ये पिस्टन घासत जातो. आणि वाफेवर निघताना सिलिंडरचे ड्रेन कॉक उघडे ठेवा. सिलिंडरमध्ये साचलेलं पाणी दबत नाही, ते सिलिंडरचं झाकण फोडतं.

डिझेलवाल्यांनीही हे वाचावं. लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या अस्तराच्या) सीलमधून गळलेलं पाणी पिस्टनच्या डोक्यावर साचतं. टेस्ट कॉक उघडून इंजिन आधी हाताने फिरवा. थेट स्टार्टर मारला तर रॉड वाकतो. विजेच्या इंजिनांच्या मोटारी दमट असतात, मेगर या उपकरणाने इन्सुलेशन तपासल्याशिवाय वीज जोडू नका. आणि जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात विषारी पीसीबी असू शकतं, तेव्हा ते तपासल्याशिवाय उघडू नका.

प्रत्येक इंजिन धावायलाच हवं, हा आग्रह मला मान्य नाही. धावतं ठेवायचं म्हणजे दर मोठ्या दुरुस्तीला मूळ धातू काढून नवा घालायचा. १८२९ चं ‘रॉकेट’ पुन्हा पेटवू नये, त्याची १९७९ साली बनवलेली प्रतिकृती धावली हेच योग्य झालं. ब्रिटनमध्ये २००८ साली ‘टॉर्नेडो’ तर पूर्ण नवीन बांधलं गेलं, त्याचा बॉयलर जर्मनीतल्या मायनिंगेनच्या कारखान्यात बनला. तो वेल्डिंगचा आहे, रिव्हेटचा नाही, आणि मला त्यात काहीही गैर वाटत नाही. ज्या प्रकारची अनेक इंजिनं उरली आहेत त्यांतलं एखादं जरूर धावू द्या. एकुलतं एक असेल तर ते छपराखाली, कोरडं, मूळ पत्र्यासकट राहू द्या. धावणाऱ्या इंजिनात काय मूळचं आहे आणि काय बदललंय, याची नोंद मात्र हवीच. काढलेला भाग चिठ्ठी बांधून जपून ठेवायचा, भंगारात द्यायचा नाही.

या नोंदीसाठी रॉडवर ठोकलेले आकडे बघा. कारखान्यात दुरुस्तीला एकाच जातीची अनेक इंजिनं असायची आणि भागांची अदलाबदल व्हायची, त्यामुळे एकाच्या रॉडवर दुसऱ्याचा नंबर सापडतो. ग्राइंडर लावून रॉड आरशासारखा करताना हे आकडे पुसले जातात आणि इंजिनाचा अर्धा इतिहास त्या भुशाबरोबर जातो. रंगाचंही तसंच. वाळूचा फवारा मारण्याआधी कॅबच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन कमी लागलंय तिथे, एक लहान चौकोन निवडा. बारीक पॉलिश पेपर ओला करून मधून बाहेर घासत जा. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे रंगाचे थर एकामागून एक उघडे पडतात. त्याचे फोटो काढा, प्रत्येक थराची छटा लिहून ठेवा, आणि तो चौकोन तसाच ठेवून त्याभोवती नवा रंग द्या.