राज्यशास्त्र जानेवारीपर्यंत कशाला थांबवायचं? एका सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसले होते पण खरं सांगते, तेव्हा राग आला होता म्हणून थांबले. आज रविवार आहे, चाचणीचे पेपर तपासून झालेत, आता नीट लिहिते.

ज्यांनी आधीची पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं की दहावीचा 'निवडणूक प्रक्रिया' हा पाठ मी जुलैतच घेते, इतिहासलेखनाच्या पाठाला जोडून, आणि त्यासाठी मुलांना घरच्या रेशनकार्डाची झेरॉक्स आणायला सांगितली होती. तुम्ही ३२ वर्षं हाच विषय शिकवून २०१२ ला रिटायर झालात आणि तुमचं म्हणणं असं की ४० मार्कांच्या पेपरला हे लाड परवडत नाहीत, पोर्शन मागे पडतो, घरची कागदपत्रं मागवणं चूक आहे आणि गावातलं राजकारण वर्गात आणलं की शिस्त जाते.

कागदपत्रांचं आधी घेते कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. पोस्टमध्ये मी एक गोष्ट लिहिली नव्हती. एका मुलाने झेरॉक्स आणलीच नाही, मी दोनदा विचारलं, तिसऱ्या दिवशी तो शाळेतच आला नाही. मला वाटलं टाळतोय. मग त्याची आजी शाळेत आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "बाई, कार्ड पोराच्या बापाकडं हाय, ती दोघं गेली तिकडं कामाला." तेव्हा मला कळलं की मी वर्गासमोर त्या पोराला काय विचारत होते. त्या दिवसापासून घरून एकही कागद मागवत नाही. हे मी पोस्टमध्येच कबूल करायला हवं होतं, तुम्ही बोललात म्हणून आज लिहितेय.

आता कागदाऐवजी काय करते ते सांगते, कारण पोर्शनच्या मुद्द्याचं उत्तर त्यातच आहे. तास सुरू झाला की फळ्यावर चार ओळी लिहिते. 'रामाची आई. गणपतची बायको. थोरली सून. पाटलाची लेक.' आणि विचारते, यातलं कोण कोण मत देऊ शकेल? वर्ग आधी गप्प असतो. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतंच, "पण बाई, नाव कुठंय?" बास, तिथून तास सुरू. मग मी सांगते की १९५१-५२ ची आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक, मतदार १७ कोटींच्या वर, त्यातले बहुतेक निरक्षर, म्हणून पेट्यांवर चिन्हं लावावी लागली, आणि याद्या तयार होताना लाखो बायकांनी नोंदणी करणाऱ्याला स्वतःचं नाव सांगितलंच नाही, अमक्याची आई नाहीतर तमक्याची बायको एवढंच. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद चालणार नाही असं ठरवलं आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीबाहेर गेली. बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतली, पण आपल्याकडे तरी नावाचं काय वेगळं आहे? यंदा एक मुलगी उठून म्हणाली, आमच्या आजीची दोन नावं आहेत, माहेरचं चंपा आणि सासरचं लक्ष्मी, आणि चंपा म्हणणारं आता कुणीच जिवंत नाही. वर्गात एकदम शांतता. मी पण दोन मिनिटं काही बोलले नाही.

आता बघा सर, या एका तासात काय काय झालं. निवडणूक आयोगाची कामं आली, मतदार यादी आली, प्रौढ मताधिकार आला. आणि दुसऱ्याच तासाला पहिल्या पाठातलं स्त्रीवादी इतिहासलेखन शिकवताना मला वेगळं काही समजवावं लागलं नाही, कारण कागदावर ज्याचं नाव नाही त्याचा इतिहास लिहायचा कसा हा प्रश्न मुलांनी स्वतःच आदल्या दिवशी विचारला होता. दोन तासिकांत दोन पाठांचा गाभा. मी वेळ वाढवला नाही, फक्त क्रम बदलला.

आपल्याकडे वार्षिक नियोजनात काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. इतिहासाचे ९ पाठ आधी, राज्यशास्त्राचे ५ पाठ मागे. गॅदरिंग, सहली, स्पर्धा सगळं डिसेंबरात, आणि मग जानेवारीत सराव परीक्षेच्या तोंडावर संविधानाची वाटचाल, निवडणूक, पक्ष, चळवळी, लोकशाहीसमोरील आव्हाने असं सगळं पंधरा दिवसांत गाईडमधून उरकायचं. मी स्वतः चार-पाच वर्षं हेच केलंय. त्या वर्षांच्या उत्तरपत्रिका आठवतात, मतदारसंघाच्या पुनर्रचनेवरची टीप सगळ्यांची सारखी, शब्दही तेच, चूकही तीच. म्हणून आता टाचण, म्हणजे तासाच्या तयारीची नोंद, काढताना मी पाठाचं नाव आधी लिहीत नाही, प्रश्न आधी लिहिते आणि मग पुस्तकाच्या दोन्ही भागांतून त्याला काय लागतं ते शोधते. प्रसारमाध्यमांच्या पाठात 'दर्पण' आलं, १८३२, तर त्याच आठवड्यात २००५ चा माहितीचा अधिकार घेते, कारण लोकांना माहिती कळणं का महत्त्वाचं हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. सगळे पाठ असे जुळत नाहीत हेही सांगते. खेळांचा पाठ मी सरळ एकटाच शिकवते, ओढूनताणून काही जोडत नाही.

राहिलं राजकारण. चालू निवडणुकीतलं पॅनल, पक्ष, कोण चांगला कोण वाईट हे वर्गात नको, यात आपलं दुमत नाहीच, एकाच बाकावर दोन पॅनलच्या घरची पोरं बसतात आमच्याकडे. पण परवा पंचायत राजची ७३ वी घटनादुरुस्ती शिकवताना एक मुलगा सहज म्हणाला, आमची आत्या मेंबर आहे पण मिटिंगला मामा जातात. आता यावर मी काय करायचं होतं? गप्प बस म्हटलं असतं तर तो कायमचं शिकला असता की पुस्तकातलं एक आणि गावातलं एक. मी त्याच्या आत्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. फळ्यावर लिहिलं, पंचायत राजमध्ये स्त्रियांना एक तृतीयांश जागा, आपल्या राज्यात २०११ पासून निम्म्या, आणि विचारलं की मिटिंगला बसायचा हक्क कायद्याने कुणाला दिलाय? उत्तर त्यांनीच दिलं. कुणाच्या घरून तक्रार आली नाही.

आणि एक विचारायचंय. तुम्ही लिहिलंय की १९८० पासूनच्या टाचणवह्या अजून जपून ठेवल्यात. १९८९ ला ६१ व्या घटनादुरुस्तीने मताचं वय २१ वरून १८ वर आलं, म्हणजे तेव्हा तुमच्यासमोर बसलेल्या दहावीच्या पोरांना एकदम तीन वर्षं आधी मत मिळणार होतं. त्या वर्षी ते वर्गात कसं घेतलंत, पोरं काय म्हणाली होती? त्या पानाचा फोटो पाठवलात तर यंदा संविधानाची वाटचाल मी तिथूनच सुरू करेन.